जुन्या गिटारला पिकअप बसवताना

जुन्या गिटारच्या पोटात काय चाललंय हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी तारा पूर्ण सैल कराव्या लागतात, एक छोटा दिवा साउंडहोलमधून, म्हणजे वरच्या फळीतल्या गोल भोकातून, आत सोडावा लागतो आणि दातांचे डॉक्टर वापरतात तसला लांब दांड्याचा आरसा हाताशी लागतो. बाहेरून पॉलिश कितीही चकाकत असलं, तरी आतलं लाकूड कोरंच असतं. सांध्यांवर वाळलेल्या सरसाचे तपकिरी ओघळ, कडेकडेने साठलेली धूळ, वरच्या फळीला आधार देणाऱ्या पट्ट्या आणि ब्रिजच्या, म्हणजे वरच्या फळीवर तारा जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीच्या, बरोबर खाली चिकटवलेला कठीण लाकडाचा एक पातळ तुकडा. हीच ब्रिजप्लेट. तारांच्या टोकांचे मणी वर ओढले जाऊन हिच्यावर टेकतात. वर्षानुवर्षं तारा बदलून तिच्या सहा भोकांच्या कडा झिजलेल्या असतात, कधी दोन भोकांच्या मध्ये केसाएवढी चीरही गेलेली दिसते.

जुन्या गिटारसाठी परवडणारा पिकअप, म्हणजे तिचा आवाज विजेच्या रूपात पकडून स्पीकरकडे पाठवणारा तुकडा, शोधायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी हे आत डोकावणं करायला सांगेन. कुठल्या पिकअपचा आवाज कसा, यावर ऐकण्या-वाचण्यासारखं भरपूर मिळतं. पण ते सगळं बहुतेक नव्या, धडधाकट गिटारवर ऐकवलेलं असतं. आपली गिटार कुठला पिकअप सोसू शकते हे फक्त तिच्याकडे बघूनच ठरतं, आणि ते ठरलं की यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात.

माझी गिटार मामाची. ती माझ्याकडे आली तेव्हाच तिच्या फळीचा रंग गडद झाला होता आणि ब्रिजच्या मागचा भाग किंचित फुगलेला होता. आवाज मात्र असा, की एक जाड तार छेडली तरी पोटाशी धरलेलं लाकूड थरथरतं ते छातीला जाणवतं. एकट्याने वाजवायला तिला कशाची गरज नाही. पण शेजारी कोणी माइकवर गात असेल आणि दुसरं कोणी काहोनवर, म्हणजे वर बसून वाजवायच्या लाकडी खोक्यावर, ताल धरत असेल, तर ती ऐकूच येत नाही. समोर माइक ठेवावा तर जागचं हलायची सोय नाही. वीतभर मागे सरकलं की आवाज गेला आणि पुढे झुकलं की नुसता घुमारा. शिवाय तो माइक गाणाऱ्यालाही ऐकतो आणि काहोनलाही. म्हणून पिकअप.

खोलीत बसून आपण गिटार ऐकतो तेव्हा एकाच वेळी बऱ्याच गोष्टी ऐकत असतो. तार हलते. ती थरथर सॅडलमधून, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या ब्रिजवरच्या अरुंद पट्टीतून, ब्रिजमध्ये आणि ब्रिजमधून फळीत उतरते. फळी हलली की पोटातली हवा साउंडहोलमधून आत-बाहेर करते. या सगळ्यांचं मिळून जे होतं तो गिटारचा आवाज. पिकअप यातल्या एकाच ठिकाणी कान लावतो. चुंबकीय पिकअप तारेला ऐकतो, सॅडलखालचा पिकअप सॅडलवरच्या दाबाला, चिकटवायचा पिकअप फळीला, आणि आत बसवलेला छोटा माइक हवेला. कमी पैशांत चारही मिळत नाहीत, एक निवडावं लागतं. त्यातला माइक मी लगेच बाजूला ठेवला. स्पीकर जवळ असला की तो स्पीकरचाच आवाज पुन्हा पकडून शिट्टी मारल्याशिवाय राहत नाही, आणि स्वस्तातला असेल तर खरखरही करतो.

चुंबकीय पिकअप बराच जुना आणि जुन्या लाकडाला सगळ्यात सुरक्षित. १९३१ मध्ये जॉर्ज ब्यूचँपने ‘फ्राइंग पॅन’ या टोपणनावाने ओळखल्या गेलेल्या इलेक्ट्रिक गिटारचा नमुना तयार केला, त्यात घोड्याच्या नालेच्या आकाराचे चुंबक आणि तारेचं वेटोळं होतं. तत्त्व आजही तेच. चुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार हलली की वेटोळ्यात वीज निर्माण होते. साउंडहोलमध्ये बसणारे पिकअप दोन स्क्रूंनी भोकाच्या कडेला पकडतात, मध्ये बूच किंवा फेल्ट असतं, आणि काढले तर मागे खूण राहत नाही. एकाच वेटोळ्याचा असेल तर घरातल्या विजेची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण त्यात येते. गिब्सनमध्ये काम करणाऱ्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये दोन उलट वेटोळी जोडून ती गुणगुण मारायची युक्ती काढली, आणि आज परवडणाऱ्या साउंडहोल पिकअपमध्येही दोन वेटोळ्यांचे प्रकार मिळतात. फिशमनचा निओ-डी किंवा सेमूर डंकनचा वुडी ही त्यातली ओळखीची नावं.

चुंबकीय पिकअपची एक खोड मात्र लक्षात ठेवायला हवी. अकूस्टिक गिटारच्या जाड तारांवर ब्राँझचं वेष्टन असतं, आणि चुंबकाला ब्राँझ कळत नाही, त्याला आतली पोलादी कोर तेवढी कळते. पहिल्या दोन तारा उघड्या पोलादाच्या. त्यामुळे दुसरी तार, म्हणजे बी, इतरांपेक्षा डोकं वर काढते. ज्यात प्रत्येक तारेखालचा स्क्रू वर-खाली करता येतो असा पिकअप घेतला तर हे बरंचसं आटोक्यात येतं. आणि गिटार नायलॉनच्या तारांची असेल तर हा रस्ताच बंद.

पण माझी अडचण वेगळी होती. या पिकअपच्या आवाजात लाकडाचा वाटा फार थोडा असतो. स्वच्छ, गोल, गोड आवाज येतो, शिट्टीही सहसा येत नाही, पण तो जवळजवळ कुठल्याही गिटारचा असू शकतो. मला मामाच्या गिटारची फळी ऐकवायची होती.

सॅडलखालच्या पिकअपकडे वळण्याआधी पिएझोबद्दल थोडं सांगायला हवं, कारण चिकटवायचा पिकअपही त्याच जातीचा. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार जमतो, हे १८८० मध्ये पिएर आणि झाक क्युरी या भावांनी दाखवून दिलं. बटण दाबलं की ठिणगी पाडणारा गॅस लायटर याच गुणावर चालतो. १९६०च्या दशकात ओव्हेशनसारख्या कंपन्यांनी हे तत्त्व गिटारच्या सॅडलखाली नेलं. आज कारखान्यातूनच पिकअप बसवून येणाऱ्या बहुतेक अकूस्टिक गिटारमध्ये सॅडलखाली अशीच एक बारीक पट्टी असते. स्वस्त आहे, शिट्टीला बऱ्यापैकी दाद देत नाही, आणि गर्दीतही प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो.

जुन्या गिटारचं दुखणं नेमकं याच्या आड येतं. पोलादी तारांच्या हलक्या संचाचाही एकूण ताण ७० किलोंच्या आसपास असतो. हा ताण वर्षानुवर्षं सोसून फळी फुगते, मानेचा कोन थोडा पुढे कलतो आणि तारा बोटांपासून उंच जातात. वाजवणं जड झालं की कोणीतरी सॅडल खालून घासून तारा खाली आणतं. काही वर्षांनी पुन्हा घासतं. माझ्या गिटारचं सॅडल आता ब्रिजच्या वर नखाच्या जाडीएवढंच डोकावतं. त्याखाली पट्टी सरकवायची तर पट्टीच्या जाडीइतकं ते अजून घासावं लागेल. मग तार सॅडलवरून वळताना जो कोन हवा तो राहणार नाही, दाब कमी पडेल आणि हा पिकअप तर दाबावरच जगतो. खाचेचा तळही काचेसारखा सपाट असावा लागतो. तो जरा वर-खाली असला की एखादी तार मुकी होते. खरा इलाज म्हणजे मान उकलून नव्या कोनात बसवणं. ते कसबी हातांचं आणि खर्चाचं काम आहे. गिटारला त्याची गरज असेल तर जरूर करावं, पण पिकअपपायी करू नये.

आणि एक गोष्ट मी ठामपणे सांगेन. बाजूच्या फळीला चौकोन कापून आत बसवायचा, पिकअपचा क्षीण आवाज वाढवणारा प्रीअ‍ॅम्प जुन्या गिटारला कधीही लावू नये. त्यातली इलेक्ट्रॉनिक्स काही वर्षांत जुनी होते, तोच आकार पुन्हा मिळत नाही आणि लाकडातलं भगदाड मात्र कायमचं राहतं.

उरला चिकटवायचा पिकअप. पितळेची पातळ चकती, तिच्यावर पांढऱ्या सिरॅमिकचा थर आणि दोन वायरी. बझरमध्ये वापरतात तीच ही २० किंवा २७ मिलिमीटरची चकती, अगदी नगण्य किमतीची. के अँड के साउंडचा ‘प्युअर मिनी’ याच तत्त्वावर आहे: ब्रिजप्लेटवर सॅडलच्या रेषेखाली तीन छोटे सेन्सर, आत बॅटरी नाही, प्रीअ‍ॅम्प नाही. तयार संच घ्यायच्या आधी एक साधी चकती घेऊन चिकट पुट्टीने आपल्याच गिटारवर फिरवून बघावी, असं मला मनापासून वाटतं. पुट्टी मऊ असल्यामुळे वरचे सूर थोडे खाते, त्यामुळे हा काही अंतिम आवाज नव्हे. पण कुठे काय ऐकू येतं ते कळतं.

ते फिरवून बघणं हा फार सुंदर अनुभव आहे. ब्रिजच्या पातळ तारांच्या टोकाशी चकती लावली की आवाज धारदार येतो, शब्द सुटे व्हावेत तसे सूर सुटे होतात, पण अंग नसतं. जाड तारांच्या बाजूला सरकवली की लाकूड बोलायला लागतं आणि घुमतंही. ब्रिजपासून दूर, फळीच्या रुंद भागावर नेली तर आवाज पोकळ होतो आणि स्पीकर लगेच कुरकुरायला लागतो. तारा सैल करून, हात आत घालून ब्रिजप्लेटवर, दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेच्या मध्ये चकती दाबली आणि पुन्हा सूर लावून ई मेजर वाजवला, तेव्हा स्पीकरमधून पहिल्यांदा ती गिटार ऐकू आली जी मी पोटाशी धरून ऐकत आलो आहे. बाहीची कड फळीवर घासली तेही ऐकू आलं, बोट तारेवरून सरकलं तेही. काहींना याचा त्रास होतो. मला तो आवाजाचाच भाग वाटतो.

याच चाचणीत आणखी एक गोष्ट उघड झाली. पाचव्या तारेवरचा एक सूर वाजला की मागे झिणझिण यायची. नुसत्या कानाला ती जेमतेम जाणवत होती, चकतीने मोठी करून दाखवली. बोटाच्या पेराने फळी हळूहळू ठोकत गेलो तर एका जागी टणक आवाजाऐवजी फुटका आवाज आला. आरशात पाहिलं तर आतल्या एका पट्टीचं टोक फळीपासून सुटलेलं होतं, फटीत कागदाचा तुकडा आरामात सरकत होता. असं काही सापडलं तर पिकअपचा विचार थांबवून आधी पट्टी चिकटवून घ्यावी. गिटार सरसाने जोडलेली असेल तर दुरुस्तीही सरसानेच करावी. ऊब आणि ओलावा दिला की सरस सुटतो, त्यामुळे पुढच्या माणसाला पुन्हा काम करता येतं. झिजलेल्या ब्रिजप्लेटलाही हेच लागू. भोकं बुजवून, कडा नीट करून मगच तिच्यावर काही चिकटवावं. सेन्सर पक्के बसवायला बहुधा जेल सुपरग्लू वापरतात. त्याची पकड घट्ट असते आणि आवाजही त्यानेच उत्तम येतो. ज्यांना ते कायमचं वाटतं त्यांनी पातळ दुहेरी टेप वापरावी, वरचे सूर किंचित मवाळ येतील एवढंच.

आता ज्या गोष्टीमुळे चांगले पिकअप उगाच बदनाम होतात तिच्याबद्दल. पिएझो पिकअपचा आवाज पातळ, टिनपाट येतो ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. पुष्कळदा दोष पिकअपचा नसतोच, तो पुढे कशात जोडलाय याचा असतो. पिएझो हा विजेच्या भाषेत कपॅसिटर आहे. पुढच्या यंत्राच्या इनपुटचा रोध आणि हा कपॅसिटर मिळून एक चाळणी तयार होते, आणि ठरावीक कंपनसंख्येच्या खालचे सूर त्या चाळणीतून पलीकडे पोचताना क्षीण होतात. गणित सोपं आहे: ही सीमा म्हणजे एक भागिले, दोन गुणिले π (पाय) गुणिले रोध गुणिले धारकता, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता. समजा सॅडलखालच्या पट्टीची धारकता १ नॅनोफॅरड आहे. ती मिक्सरच्या १० किलोओहमच्या लाइन इनपुटला जोडली तर ही सीमा जाते जवळजवळ १६,००० हर्ट्झवर. म्हणजे गिटारचे सगळेच सूर सीमेच्या खाली. तीच पट्टी १ मेगाओहमच्या इनपुटला जोडली तर सीमा येते १५९ हर्ट्झवर, आणि १० मेगाओहमला जोडली तर १६ हर्ट्झवर. मोकळ्या सहाव्या तारेचा सूर ८२ हर्ट्झचा असतो, तेव्हा कुठे तो पूर्ण अंगाने ऐकू येतो. चकतीची धारकता जास्त असते. ती समजा २० नॅनोफॅरड धरली, तरी १० किलोओहमला सीमा ८०० हर्ट्झच्या आसपास पडते. पहिली तार मोकळी वाजते ३३० हर्ट्झवर. म्हणजे सहाही मोकळ्या तारांचे मूळ सूर कापले गेले आणि ऐकू आली ती वरची चुरचुर.

म्हणून माझं मत असं झालं, की बजेट तोकडं असेल तर पिकअपवर कमी आणि त्याच्या पुढच्या प्रीअ‍ॅम्पवर जास्त खर्च करावा. इनपुट किमान १ मेगाओहमचं, त्याहून जास्त असेल तर उत्तम. गिटार मिक्सरला जोडायचा साधा पॅसिव्ह (विजेशिवाय चालणारा) डीआय बॉक्स इथे पुरत नाही, त्याचा रोध बराच कमी असतो. अ‍ॅक्टिव्ह डीआय चालतो. प्रीअ‍ॅम्प गिटारच्या बाहेर, पायाशी किंवा पट्ट्याला राहिला की आणखी एक फायदा होतो: उद्या चांगला मिळाला तर तो बदलताना गिटारला हातही लावावा लागत नाही. केबलबद्दलही एक बारकावा. चुंबकीय पिकअपला लांब केबल जोडली तर वरचे सूर मंदावतात. प्रीअ‍ॅम्पशिवायच्या पिएझोला तसं होत नाही, त्याचा आवाज फक्त एकूण कमी होतो. तरी दोन्हीकडे केबल आखूडच बरी.

वायर गिटारमधून बाहेर कशी काढायची हा प्रश्न छोटा वाटतो, पण जुन्या गिटारवर कायमची खूण करणारं काम हेच. पट्टा अडकवायच्या खुंटीच्या जागी जॅक, म्हणजे केबल खोचायचं तोंड, बसवतात आणि त्याला सुमारे १२ मिलिमीटरचं भोक लागतं. खुंटीचं भोक त्याहून बरंच लहान असतं. ते वाढवायला ड्रिल वापरलं तर पातं एकदम पकड घेतं, पॉलिशचा टवका उडतो आणि जुन्या लाकडाला चीरही जाऊ शकते. हाताने फिरवायच्या रीमरने सावकाश, थोडं थोडं करून भोक वाढवलं तर धोका फार कमी. माझ्या गिटारची खुंटी आधीच सैल होऊन डुगडुगत होती आणि आतला ठोकळा भरीव निघाला, म्हणून मी ते करून घेतलं. गिटार दुर्मीळ असती, मूळ खुंटी घट्ट बसलेली असती, तर मी भोकाला हात लावला नसता. अशा वेळी साउंडहोलमधून पातळ वायर बाहेर काढून जॅक पट्ट्याला बांधता येतो. दिसायला तितकं नीटस नाही, पण लाकूड अभंग राहतं.

चिकटवलेल्या पिकअपची किंमत आपण शिट्टीच्या रूपाने मोजतो. तो फळीला ऐकतो, आणि स्पीकरचा आवाज फळीला हलवतोच. गिटारच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास सगळ्यात जोरात घुमते. पाचव्या तारेचा ए ११० हर्ट्झचा आहे, म्हणून बहुधा तिथूनच घूं सुरू होतं. जुन्या, पातळ, मोकळ्या झालेल्या फळीत हे लवकर होतं, ज्या मोकळेपणासाठी आपण ती गिटार जपतो त्याच मोकळेपणामुळे. साउंडहोलला रबरी झाकण लावलं की बराच फरक पडतो. प्रीअ‍ॅम्पवर नॉच असेल तर घुमणारा सूर शोधून तेवढाच खाली दाबता येतो, आणि फेज, म्हणजे ध्वनिलहरीची दिशा, उलटवायचं बटण असेल तर ते दोन्ही बाजूंनी दाबून बघायला काही जात नाही. याशिवाय स्पीकर आपल्या पाठीशी नसावा आणि गिटारचं तोंड त्याच्याकडे वळलेलं नसावं, हे तर कुठल्याही बटणाहून उपयोगी.

माझ्या प्रीअ‍ॅम्पवर आता ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलेलं असतं, हवेच्या घुमण्याच्या जागी एक अरुंद नॉच असतो, मधले सूर थोडे उतरवलेले आणि वरचे जसेच्या तसे. लहान खोलीत, गाणाऱ्याबरोबर आणि काहोनबरोबर, मामाची गिटार तिच्या स्वतःच्या आवाजात ऐकू येते. ज्यांना ड्रम आणि बेसबरोबर मोठ्या मंचावर वाजवायचं आहे त्यांना मात्र मी हा पिकअप सुचवणार नाही. तिथे फळी ऐकवायला बसलात तर रात्रभर शिट्टीशी झगडावं लागेल. त्यांनी दोन वेटोळ्यांचा, बी तारेखालचा स्क्रू खाली घेता येईल असा चुंबकीय पिकअप घ्यावा, साउंडहोलच्या कडेची जाडी त्याच्या पकडीत बसते का ते आधी मोजावं आणि घरी आल्यावर तो काढून ठेवावा.